हॉलंडचे ट्युलिप बेळगावात फुलतील का?

खानापूरकर: अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं हॉलंड शहर 1847 साली धर्मगुरू व्हॅन राल्टे यांच्याबरोबर आलेल्या डच लोकांनी वसवलं. मे महिन्यात तिथले रस्ते ट्युलिपनं भरतात. 1928 ला लाखभर कंद लावले, तिथून ही परंपरा. आपल्याकडे कुंडीत जमेल का?

टिळकवाडी: जमेल, पण थंडी आपण द्यायची. तिथं हिवाळ्याआधी लावलेले कंद जमिनीतच गारठतात, म्हणून तर कळी वर येते. बेळगावची थंडी त्याला पुरत नाही. कागदी पिशवीत घालून फ्रीजमध्ये 4-5 अंशांवर 12 ते 14 आठवडे ठेवा. फ्रीझरमध्ये अजिबात नको. आणि शेजारी सफरचंद नकोच! पिकत्या फळाच्या वायूनं कंदातली कळी आतल्या आत मरते.

निपाणीकर: काका, सप्टेंबरअखेर फ्रीजमध्ये घाला, म्हणजे डिसेंबरअखेर लावता येतील. मातीत निम्मी जाड वाळू मिसळा, पाणी साचलं की कंद कुजतो. टोक वर, 10-15 सेंमी खोल. सकाळचं ऊन पुरे. फूल मातीलगतच उमललं, तर थंडी कमी पडली समजा.

टिळकवाडी: बरोबर. पुढच्या वर्षी मात्र नवे कंद घ्या, इथल्या उन्हाळ्यानंतर तेच परत फुलत नाहीत.