छोट्या मिलिंग मशीनला डीआरओ (टेबल किती सरकलं ते आकड्यात दाखवणारा डिस्प्ले) बसवायचाय: एक्सची स्केल मागे लावू की पुढे?

नमस्कार मंडळी,

राजारामपुरीत घरामागच्या शेडमध्ये डव्हटेल कॉलमचं एक बेंच मिलिंग मशीन आहे, चिनी बनावटीचं. त्यावर हौसेनं इंजिनांची छोटी मॉडेलं करतो. (कोल्हापुरात राहून ऑइल इंजिनाचा नाद नसेल तर नवलच.) हँडलच्या एका फेऱ्याला टेबल २ मिमी सरकतं, आणि नटात प्ले एवढा की दिशा बदलली की जवळजवळ पाव फेरा फुकट जातो. सिलिंडर हेडची भोकं पीसीडीवर (एका वर्तुळावर समान अंतरानं) मारताना फेरे मोजायचे, प्ले वजा करायचा, त्यात कुणी हाक मारली की सगळं परत पहिल्यापासून.

डीआरओची स्केल (मोजपट्टी) स्क्रू मोजत नाही, थेट टेबल मोजते, त्यामुळे डीआरओनं हा ताप जाईल हे कळतं. अडलंय ते जागेवर.

एक्सला, म्हणजे टेबलाच्या डाव्या-उजव्या सरकण्याला, काचेची स्केल टेबलाच्या मागे लावली तर ब्रॅकेट धरून सव्वा इंच जागा खाते. टेबल कॉलमकडे नेलं की तिथं बोटसुद्धा जात नाही, म्हणजे वायचा (पुढे-मागे) प्रवास तेवढा कमी होणार. आधीच तो जेमतेम १३० मिमी आहे. पुढे लावावी तर गिबचे (टेबलाच्या खाचेतला ढिलेपणा काढणाऱ्या पट्टीचे) लॉक स्क्रू नेमके तिथंच. टेबलाचे स्टॉप काढून टाकायला माझी हरकत नाही, पण लॉक हवेतच.

मॅग्नेटिक पट्टी पातळ असते, ती मागे सहज मावेल. पण माझं निम्मं काम बिडाचं. ती काळी भुकटी चुंबकाला चिकटून वाट लावेल का? उद्यमनगरात विचारलं तर एकजण म्हणाले काचेशिवाय घेऊच नका, आणि शेजारच्याच शॉपमध्ये मॅग्नेटिक लावलेलं मशीन मजेत चाललेलं दिसलं.

शिवाय टेबलाची मागची बाजू मशीनिंग केलेलीच नाही. खडबडीत कास्टिंग, वर रंगाचा थर. त्यावर स्केल सरळ कशी बसणार? टेबल काढून ग्राइंडिंगला न्यावं का? आणि झेडलाही (हेडच्या वर-खाली सरकण्याला) स्केल हवीच का?

टूलरूमवाला, शिरोली

काका, ग्राइंडिंग वगैरे काही नको. स्केलच्या मागे १० मिमीची पट्टी घ्या. तिला दोन्ही टोकांना एक बोल्ट आणि त्याच्या आजूबाजूला ग्रब स्क्रू. बोल्ट ओढतो, ग्रब ढकलतात, दोघांच्या मध्ये पट्टी पाहिजे तशी लावता येते. शिमा (फटीत घालायचे पातळ पत्र्याचे तुकडे) कापत बसायची गरज नाही. डायल गेज स्पिंडलला धरा, स्केलच्या बॉडीवर टेकवा आणि टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आडवी आणि उभी, दोन्हीकडून ०.१ मिमीच्या आत आणा.

लोक समजतात स्केल तिरकी बसली की रीडिंग चुकतं. हिशेब करून बघा: ३०० मिमीत १ मिमी तिरकी असली तरी फरक दोन मायक्रॉनसुद्धा येत नाही. खरं नुकसान रीडर हेडचं (स्केलवरून सरकत माप वाचणाऱ्या भागाचं) होतं, ते घासतं, अडकतं.

रीडिंग बिघडवतो तो ढिला गिब. टेबल १०० मिमीत ०.०२ नं वाकडं फिरलं आणि स्केल कटरपासून १०० मिमी लांब असेल, तर तेवढाच ०.०२ चा घोळ कामात उतरतो. स्क्रीन मात्र छान आकडा दाखवत राहते. म्हणून गिब आधी, स्केल नंतर.

इचलकरंजीचा फिटर

भावा, एक्सला मॅग्नेटिकच लाव. पट्टीवर स्टीलचं पातळ कव्हर येतं, ते चिकटवायला विसरू नको. भुकटी बसते, नाही असं नाही, पण फडक्यानं पुसली की जाते. काचेत कूलंट शिरला तर फडकं आत पोचत नाही. जपायचं ते दुसऱ्याच गोष्टीला: डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड त्या पट्टीजवळ फिरकू द्यायचा नाही. पट्टीवरच्या खुणा पुसल्या की पट्टी गेली.

हौशी टर्नर, पुणे

वायला काचेची चालेल, बाजूला जागा असते. रबराच्या ओठांचं तोंड खाली ठेवा, चिप्स आत जात नाहीत. एक्सला मॅग्नेटिक, वायला काचेची असं करणार असाल तर आधी डिस्प्लेचं बघा: दोन्हींचा सिग्नल ५ व्होल्ट टीटीएल (डिजिटल सिग्नलचा एक प्रकार) हवा, आणि पिनांची जोडणी सारखी आहे का ते विचारून घ्या. कनेक्टर दोन्हीकडे बहुधा नऊ पिनांचाच असतो, तारा मात्र वेगळ्या निघू शकतात.

झेडला माझ्याकडे बॅटरीवरची साधी कपॅसिटिव्ह स्केल आहे, ०.०१ ची. हेड वर-खाली करायला पुरते. कूलंट उडाला की आकडे नाचतात, म्हणून वर पत्र्याची टोपी केलीय.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. गिब काल घट्ट केले, डायल लावून पाहिलं, टेबल खरंच हलत होतं. एक्सला मॅग्नेटिक मागे, वायला काचेची उजव्या बाजूला, झेडला बॅटरीवाली, असं ठरवतोय.

आता एकच. मोटरला इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोल आहे. मोटर सुरू केली की आकडे उड्या मारतात असं कुठेतरी वाचलं. कुणाला अनुभव?

टूलरूमवाला, शिरोली

मारतात. डिस्प्लेची अर्थिंगची तार मशीनच्या बॉडीला पक्की बांधा, बोल्टखालचा रंग खरवडून. स्केलच्या केबली मोटरच्या वायरसोबत एकाच पाइपातून नेऊ नका. आणि शेडमधल्या सॉकेटला मुळात अर्थ आहे का, ते आधी वायरमनकडून तपासून घ्या. बसवून झालं की सांगा, २५ मिमीची स्लिप गेज (अचूक मापाचा ठोकळा) देतो, टेबलाच्या तीन-चार ठिकाणी ताडून बघू.