स्किमर रिटर्नच्या कप्प्यातून हलवा

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतल्या तुमच्या स्किमरचा (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) कप दर काही तासांनी पाणचट फेसाने भरतो आणि स्किमर रिटर्न पंपाशेजारी (पाणी परत वरच्या टाकीत चढवणारा पंप) ठेवलाय, असं तुम्ही सांगितलंय. घोळ तिथेच आहे. बाष्पीभवनाने संपची (टाकीखालच्या फिल्टर-टाकीची) पातळी उतरते ती याच कप्प्यात. पाणी कमी झालं की फेस बसतो, भर घातली की उसळतो. मग व्हॉल्व्ह कितीही फिरवा, सेटिंग टिकणार नाही.

वरच्या टाकीतून ओव्हरफ्लोचं पाणी पडतं त्या कप्प्यात स्किमर ठेवा. तिथली पातळी पुढच्या आडव्या काचेच्या उंचीने ठरते, त्यामुळे हलत नाही. खोली मॅन्युअलमध्ये दिलेलीच हवी. संपमधल्या बऱ्याच मॉडेलना ६ ते ९ इंच लागते. पाणी जास्त खोल असेल तर खाली एगक्रेटचे (प्लास्टिकच्या चौकोनी जाळीचे) थर द्या.

स्किमर नवीन असेल तर आउटलेट (पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) पूर्ण उघडा आणि आठवडाभर फार छेडू नका. आतला तेलकट थर जाईपर्यंत फेस लहरीच असतो. नंतर आउटलेट थोडा थोडा बंद करत पाणी-फेसाची रेषा कपच्या मानेच्या तळाशी आणा. प्रत्येक बदलानंतर एक दिवस थांबा. लोक इथेच घाई करतात.

क्लोरीन काढायचं औषध किंवा कोरल चिकटवायचं एपॉक्सी वापरलं की चांगला सेट केलेला स्किमरही उतू जातो. तेवढे एक-दोन दिवस आउटलेट उघडा ठेवा.

याउलट फेस अचानक मंदावला आणि बुडबुडे मोठे दिसू लागले, तर बहुतेक हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचलंय. नळी काढून कोमट पाण्याने धुवा. मानेतला चिकट थरही आठवड्याला पुसा.