पुण्यात शिकताना दर महिन्याची वीस तारीख कशी ओलांडावी?

पूर्णाकाठ :
नमस्कार. मी मूळची परभणी जिल्ह्यातील असून पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि नारायण पेठेत चौघींच्या खोलीत कॉट बेसिसवर (एका खाटेपुरते भाडे देऊन) राहते. वडील दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ६,००० रुपये पाठवतात. त्यांच्याकडे अधिक मागणे मला प्रशस्त वाटत नाही, कारण सोयाबीनचे पैसे हाती येऊन खताच्या दुकानाची उधारी भागली की त्यांच्यापाशी फारसे काही उरत नाही, हे मी घरी असताना पाहिले आहे. म्हणून कोथरूडमधील एका झेरॉक्सच्या दुकानात सोमवार ते शनिवार दुपारी साडेचार ते रात्री नऊ या वेळेत मी काम करते. त्याचे ५,२०० रुपये मिळतात.

कॉट ४,०००, मेस ३,२००, अभ्यासिका ९०० आणि बस व मोबाइल मिळून १,००० असा ठरलेला खर्च आहे. म्हणजे दरमहा २,१०० रुपये उरायला हवेत. प्रत्यक्षात वीस तारखेनंतर मैत्रिणीकडून उसने घ्यावे लागतात आणि आजमितीस तिचे १,५०० रुपये माझ्याकडे आहेत. बाहेर खाण्याची किंवा कपड्यांची मला हौस नाही. दुसरीकडे अभ्यासही मागे पडतो आहे. मागच्या सत्रात एक विषय राहिला आणि रसायनशास्त्राच्या जर्नलवरील (प्रयोगांच्या नोंदवहीवरील) सह्या शेवटच्या आठवड्यात पळापळ करून घ्याव्या लागल्या. काम सोडावे की आणखी कोठे काटकसर करावी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

जुनीवही :
तुमचा हिशेब चुकलेला नाही, तो अपुरा आहे. दरमहा येणारे खर्च तुम्ही धरले, पण वर्षातून दोनदा-चारदा येणारे खर्च धरलेच नाहीत, आणि बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्याला बुडवतात ते हेच. पुण्यात शिकत असताना मी शंभर पानी वहीच्या शेवटच्या पानावर अशा खर्चांची यादी ठेवत असे : दोन सत्रांचे परीक्षा अर्ज, दिवाळी-उन्हाळ्यात गावी जाणे-येणे, जर्नल आणि छपाई, ताप आला तर डॉक्टर, चुलत बहिणीच्या लग्नातला आहेर, फुटलेला चष्मा. त्या यादीतील एकही गोष्ट चैनीची नव्हती आणि एकही टाळता येण्याजोगी नव्हती.

तुमच्याबाबतीत ही रक्कम वर्षाला १४,४०० रुपये धरू, म्हणजे महिन्याला १,२०० झाले. २,१०० मधून ते वजा केल्यावर ९०० राहतात. मेस रविवारी संध्याकाळी बंद असणारच, त्या चार रात्रींचे ४०० काढले की ५०० उरतात. दिवसाला सत्तर रुपये हाताशी आहेत अशा समजुतीने तुम्ही वागत आहात आणि खरे तर सोळा-सतराच आहेत. दोन चहांत ते संपतात. (चहा सोडा, असे मी सुचवत नाही. परीक्षेच्या दिवसांत मी तो सोडून पाहिला होता आणि त्याचा उपयोग फक्त डोके दुखण्यापुरता झाला.)

वडिलांचे पैसे जमा झाले की त्याच दिवशी १,२०० रुपये वेगळ्या खात्यात टाकावेत आणि त्या खात्याला यूपीआय जोडू नये. गावच्या बँकेत शाळेत असताना उघडलेले खाते असेल तर तेही चालेल. त्यानिमित्ताने एक गोष्ट तपासावी. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून येणारी शिष्यवृत्ती आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात जाते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ती आधारशी शेवटी ज्या बँकेचे खाते थेट लाभासाठी जोडले गेले असेल, तेथे जमा होते. ते खाते बंद पडलेले असेल तर विद्यार्थी पुण्यातील पासबुक पाहत बसतो आणि पैसे अडकून राहतात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला असल्यास हे आधी पाहा. वडील अल्पभूधारक असतील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेच्या यादीत तुमचा अभ्यासक्रम आहे का, हेही महाविद्यालयाच्या कार्यालयात विचारा.

प्रयोगवही :
मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. पैशांविषयी वर सविस्तर आले आहे, मी वेळेविषयी लिहिते, कारण तुमच्या प्रश्नात तो हिशेब मांडलेलाच नाही.

नव्या श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यात वर्षाला किमान ४० क्रेडिट आणि त्यांसाठी १,२०० तास धरलेले आहेत. म्हणजे एका सत्राला ६०० तास झाले, आणि सत्र साधारण पंधरा आठवड्यांचे धरले तर आठवड्याला ४० तास. यात वर्गातील तास, प्रयोगशाळा आणि स्वतःचा अभ्यास हे सगळे आले. दुकानातील काम आठवड्याला २७ तासांचे आहे. नारायण पेठेतून किंवा महाविद्यालयातून कोथरूडला जायला संध्याकाळच्या गर्दीत पाऊण तास आणि परत यायला पाऊण तास धरला तर आणखी नऊ तास झाले. ४० अधिक ३६ म्हणजे ७६ तास. एवढ्या ओझ्याखाली एकच विषय राहिला, याबद्दल खरे तर तुमचे कौतुकच करायला हवे.

आता हाच हिशेब रुपयांत पाहा. महिन्याला सव्वीस दिवस धरले तर काम ११७ तासांचे होते आणि तासाला सुमारे ४४ रुपये पडतात. प्रवासाचे ३९ तास मिळवले की तीच मिळकत ३३ रुपयांवर येते, आणि बसचे भाडे त्यातूनच जाते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. विद्यार्थ्यांनी स्वतः कष्ट करून शिकावे, ही रीत त्यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत रुजवली. या योजनेत ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय अशा ठिकाणी तासांप्रमाणे काम मिळते. महिन्याची रक्कम दुकानाइतकी होणार नाही, पण प्रवास शून्य असतो आणि प्रॅक्टिकल लांबले म्हणून कोणी पगार कापत नाही. तुमच्या महाविद्यालयातील विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा. अर्ज सत्राच्या सुरुवातीला घेतले जातात, त्यामुळे आधीच विचारून ठेवणे बरे.

जर्नलबाबत एकच सांगते. प्रयोग झाला त्याच दिवशी, हाताला रसायनांचा वास असतानाच निरीक्षणे आणि गणित लिहून टाकावे. चाळीस मिनिटांचे काम तीन आठवड्यांनी दीड तासाचे होते, कारण मधल्या काळात ब्युरेटवरचे वाचन कोणत्या कागदावर लिहिले होते, हेच आठवत नाही.

कसबापेठ :
मला वरील दोघांचे म्हणणे जरा पुस्तकी वाटते. मेसचे ३,२०० वाचवा. आम्ही तिघे मित्र खोलीवर खिचडी-भाजी करतो आणि माणशी दोन हजारांत भागते. अभ्यासिकाही सोडा, महाविद्यालयाचे ग्रंथालय कशासाठी आहे?

जुनीवही :
ग्रंथालयाचे म्हणणे मान्य आहे. स्वयंपाकाचे मात्र पटत नाही. कॉट बेसिसच्या खोलीत बहुतेक घरमालक शेगडी लावू देत नाहीत, आणि दिली तरी भाजी आणणे, करणे, भांडी घासणे यात रोज दीड तास जातो. ज्यांच्याकडे पैसा कमी आणि वेळ जास्त आहे, त्यांना ते परवडते. यांच्याकडे दोन्ही कमी आहेत.

पूर्णाकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण मध्ये गावी जाऊन आले. एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट असल्याने तो खर्च निम्म्याने वाचतो, तरी यादीत तो लिहावाच लागला. माझी यादी वर्षाला १३,२०० रुपयांची झाली. त्यात प्रयोगशाळेत फोडलेल्या पिपेटचे पैसेही आहेत.

गावच्या बँकेत चौकशी केली तेव्हा आठवीत उघडलेले खाते निष्क्रिय झालेले निघाले आणि माझे आधार त्याच खात्याशी जोडलेले होते. केवायसीची कागदपत्रे देऊन आले आहे. शिष्यवृत्तीचा हप्ता त्यामुळेच अडला होता का, हे अजून कळलेले नाही.

दुकानाच्या मालकांशी बोलले. सहाऐवजी चार दिवस यायला त्यांनी होकार दिला आणि ३,४०० रुपये ठरले. अभ्यासिका या महिन्यापासून बंद केली. ‘कमवा आणि शिका’चे अर्ज पुढच्या सत्रात निघतील, असे विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांनी सांगितले असून त्यांनी माझे नाव लिहून घेतले आहे. तोपर्यंत दरमहा सुमारे ९०० रुपये पूर्वीपेक्षा कमी असतील. रसायनशास्त्राचे जर्नल मात्र आजच्या तारखेपर्यंत पूर्ण आहे.

एक शंका राहिली. मैत्रिणीचे १,५०० आधी फेडावेत, की वेगळ्या खात्यात पैसे टाकायला आधी सुरुवात करावी?

जुनीवही :
मैत्रिणीला महिन्याला ५०० असे तीन महिने द्या आणि हे तिला आजच सांगून टाका. खात्यात तोवर जमेल तेवढेच, अगदी दोनशेही चालतील. फक्त सत्रअखेरीच्या परीक्षा अर्जाची तारीख पाहून ठेवा.