मदत हवी आहे: एसटीएक्सएम (क्ष-किरणांनी नमुना स्कॅन करणारा सूक्ष्मदर्शक), कार्बन के-एजच्या (जिथून कार्बन क्ष-किरण जोरात शोषू लागतो ती एनर्जी) स्टॅकमध्ये (एकेका एनर्जीला घेतलेल्या प्रतिमांची मालिका) २८५ ईव्हीचं शोषणाचं शिखर चपटं येतंय

पॉलिस्टायरीन आणि पीएमएमए या दोन प्लास्टिकांच्या मिश्रणाचे मायक्रोटोमने काढलेले साधारण २०० नॅनोमीटर जाडीचे काप आहेत, सिलिकॉन नायट्राइडच्या विंडोवर. स्टॅक २७८ ते ३२० ईव्ही. पीएमएमएचं २८८.४ चं शिखर ठीक दिसतं, पण पॉलिस्टायरीनच्या २८५.२ च्या शिखराचं डोकं छाटल्यासारखं आहे. शिवाय एनर्जी वाढते तशी प्रतिमा एका बाजूला सरकते. नमुन्याचा दोष की यंत्राचा?

प्रतिसाद १
आधी जाडी. पॉलिस्टायरीनच्या १०० नॅनोमीटरला ३२० ईव्हीवर ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे किती शोषलं गेलं त्याचं लॉगमधलं माप) ०.४ च्या आसपास येतो, शिखरावर त्याहून बराच जास्त. म्हणजे २०० चा काप या शिखरासाठी जाडच. खरा ओडी २ असेल आणि उजेडात ५ टक्के भेसळ (नको त्या एनर्जीचे क्ष-किरण) असेल, तर मोजणीत जेमतेम १.७ येतो. पीएमएमए वाचलं कारण त्याचं शिखर तेवढं उंच नाही. काप १०० किंवा त्याहून पातळ घ्या.

प्रतिसाद २
ही भेसळ मुख्यतः दुसऱ्या ऑर्डरची, म्हणजे हव्या त्या एनर्जीसोबत येणाऱ्या दुप्पट एनर्जीची, इथे ५७० ईव्हीची. ओएसए (नको असलेले ऑर्डर अडवणारं बारीक छिद्र) तिला अडवत नाही: झोन प्लेटचा (क्ष-किरण फोकस करणाऱ्या वर्तुळाकार पट्ट्यांच्या भिंगाचा) दुसरा ऑर्डर ५७० ला नेमका त्याच ठिकाणी फोकस करतो. बीमलाइनवर (क्ष-किरण यंत्रापर्यंत आणणाऱ्या मार्गावर) नायट्रोजन गॅस फिल्टर असेल तर चालू करा. ४१० ईव्हीच्या स्वतःच्या एजमुळे नायट्रोजन ५७० चांगलं गिळतो आणि २८५ बरंचसं सोडतो.
किती भेसळ आहे ते असं बघा: त्याच पॉलिस्टायरीनचा एक मायक्रॉनचा तुकडा २८५.२ वर ठेवा. तिथून पहिल्या ऑर्डरचं काही पार जायला नको. शटर बंद असतानाचे काउंट (डिटेक्टरने मोजलेले फोटॉन) वजा करून जे उरतं ती भेसळ, तीही कमीत कमी, कारण तुकडा ५७० लाही बरंच अडवतो.
आय-झिरोचे (नमुना नसलेल्या जागेतून येणाऱ्या उजेडाचे) काउंट फार जास्त असतील तर डिटेक्टरच कमी मोजतो, तेही तपासा.

प्रश्नकर्ता
फिल्टर बंदच होता. सरकण्याचं काय?

प्रतिसाद १
झोन प्लेटची फोकल लेंग्थ एनर्जीच्या प्रमाणात वाढते. २४० मायक्रॉन व्यास आणि २५ नॅनोमीटरचा बाहेरचा झोन धरला, तर २८० ला १.३५ मिमी आणि ३२० ला १.५५ मिमी. म्हणून फोकस राखायला झोन प्लेट जवळपास २०० मायक्रॉन मागे जाते. तिची चाल बीमच्या दिशेपासून एक मिलिरेडियन जरी वाकडी असेल तरी प्रतिमा २०० नॅनोमीटर सरकते. चाल सरळ करून घ्या, उरलेलं सॉफ्टवेअरमध्ये जुळवा. फोकसची मुभा मात्र ±०.३ मायक्रॉनच, तेव्हा दोन्ही टोकांना फोकस तपासा.

प्रतिसाद ३
एक राहिलं. एनर्जीच्या बारीक पायऱ्या २८४ ते २९० मध्येच घ्या, बाकी ठिकाणी मोठ्या चालतात. डोस (नमुन्याने शोषलेली किरणांची मात्रा) वाढला की पीएमएमएचं २८८.४ घसरतं आणि २८५ जवळ नवीन शोषण उगवतं, मग ते पॉलिस्टायरीन समजून फिटिंगमध्ये घुसतं. स्टॅक संपल्यावर २८८.४ वर एक मोठं चित्र घ्या. स्कॅन केलेला चौकोन फिकट दिसला तर ड्वेल टाइम (प्रत्येक बिंदूवर थांबण्याचा वेळ) कमी करा आणि नव्या जागी घ्या.