लिथियमवर असलेल्या अण्णांना पायी वारीला पाठवावं का?

हडपसरकर

अण्णा ६१ वर्षांचे, बायपोलर, म्हणजे मन कधी अति उधळतं तर कधी पार खचतं असा आजार. ११ वर्षं झाली, त्यासाठी रात्री लिथियम ३०० मिग्रॅच्या तीन गोळ्या. शेवटच्या झटक्यात त्यांनी दोन म्हशी विकून गावजेवण घातलं होतं आणि सलग तीन रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. तेव्हापासून एकदाही गोळी चुकलेली नाही. हा एक क्षारच असतो असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून ते तिला 'मिठाची गोळी' म्हणतात.

यंदा त्यांना आळंदीहून पायी पंढरपूरला जायचंय. माझी ना नाही. पण परवा जेवताना म्हणाले, "वारीत औषध कशाला? तेवढे दिवस माउली बघून घेतील." आई ताटावरून उठली. दिंडीत कुणाला हे आजारपण माहीत नाही, आणि त्यांना ते कळू द्यायचंही नाही. त्यात एकादशी निर्जळ करतात. बाकी तब्येत ठीक आहे. हल्ली चहा बशीत सांडतो जरा, पण आता वय झालं.

डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची आहे. तोवर कुणाला अनुभव असेल तर सांगा.

दिवेघाट चढलेली

दादा, मी ४७ वर्षांची, लिथियमवर आहे, चार वाऱ्या झाल्या. पहिलीतच दवाखान्यात पोचले, तेच सांगते.

दिवेघाट चढून सासवडला आले तेव्हा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. रस्त्यावरच्या शिबिरात एका भल्या माणसाने दुखण्याच्या गोळ्या दिल्या, डायक्लोफिनॅक. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, मी सांगितलंच नव्हतं. चार दिवस घेतल्या. उन्हात घाम, भूक नाही, पाणी कमी. पाणी कमी का, तर बायकांना विचारा, आडोसा कुठे मिळतो वाटेत! लोणंदपर्यंत ताकाचा पेला हातात ठरेना, जुलाब सुरू, पाय दारू प्यायल्यासारखे पडायला लागले. दिंडीतल्या बाया म्हणाल्या, ऊन लागलं. टेम्पोत घालून नेलं. लिथियमची पातळी २ च्या वर गेली होती. सलाईन लावून दोन दिवस ठेवलं.

नंतर डॉक्टरांनी समजावलं की मूत्रपिंडाला मीठ आणि लिथियम यातला फरक फारसा कळत नाही. घामा-जुलाबातून मीठ गेलं की ते उरलेलं मीठ धरून ठेवतं, आणि त्याबरोबर लिथियमही धरतं. गोळ्या तेवढ्याच, पण रक्तात साठत जातात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी आणखी भर पडते. आता दुखलं की फक्त पॅरासिटामॉल, तेही त्यांना विचारून ठरवलेलं.

एकादशीला मी भगर खाते, मीठ नेहमीएवढंच, आणि पाणी भरपूर. निर्जळ नाही म्हणजे नाही. आमच्यातल्या एकीला सगळं सांगून ठेवलंय, तिच्या पिशवीत डॉक्टरांची चिठ्ठी असते. सगळ्या दिंडीला कशाला सांगायचं?

गोळ्या एकदम बंद करू देऊ नका. वाटेतच झटका आला तर त्या गर्दीत माणूस सापडायचा नाही.

आणि चहा सांडतो हे तुम्ही किती सहज लिहिलंत! कधीपासून? हल्ली बीपीची किंवा दुसरी एखादी गोळी नवीन लागली आहे का? गुरुवारपर्यंत थांबू नका, आजच फोन करा.

नळीवाला

मी लॅबमध्ये काम करतो. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री नऊला घेतली तर सकाळी नऊला. सोबत क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) करायचं का, तेही डॉक्टरांना विचारा. रक्त घेताना लिथियमची तपासणी आहे असं तोंडाने सांगा. हिरव्या टोपणाच्या नळीत बहुधा लिथियम हेपॅरिन असतं, त्यात रक्त गेलं तर आकडा खोटाच वर दिसतो. हसू नका, असे रिपोर्ट पाहिलेत मी.

माळकरी ७२

अण्णांना म्हणावं, आमच्या दिंडीत निम्म्या पडशांत शुगर-बीपीच्या गोळ्या असतात. औषधानं एकादशी मोडत नाही. वीणा घेऊन उभा राहणारा आमचा गडी पहाटे इन्सुलिन टोचून घेतो, मग काकड्याला येतो. त्याला कुणी माउलीवर भरवसा नाही असं म्हणालेलं ऐकलं नाही.

हडपसरकर

ताई, तुमचं वाचलं आणि पोटात गोळा आला. बीपीची गोळी दोन महिन्यांपूर्वीच सुरू झाली आहे, टेल्मिसार्टन आणि लघवीवाटे पाणी काढणारं औषध एकत्र असलेली. ती लिहून देणाऱ्या गावच्या डॉक्टरांना लिथियमचं सांगितलंच नव्हतं. लपवण्याची सवय, दुसरं काय.

सकाळीच लिथियमच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी त्या रात्रीची लिथियमची गोळी थांबवून लगेच बोलावलं. आदल्या रात्रीच्या गोळीपासून १२ तासांचा हिशोब बसवून त्याच सकाळी रक्त दिलं. आकडा १.३ आला. सहा महिन्यांपूर्वी ०.७ होता. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून दिली, लिथियम तूर्त कमी केलं, आठवड्याने परत रक्त. वारीचं काय ते त्या रिपोर्टवर ठरेल. गेले तर फलटणच्या मुक्कामाला पुन्हा तपासणी, मी तिथे मोटारसायकलने जाईन.

माळकरी काका, तुमचा निरोप वाचून दाखवला. अण्णा काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी त्यांनी पडशी भरायला घेतली. आईने गोळ्यांची डबी वर ठेवली होती, ती काढून त्यांनी खाली सदऱ्यांच्या घडीत सरकवली. बाहेर काढली नाही, एवढं मी दारातून पाहिलं.