जर्मनीत शाळेत गप्प राहणारी मुलगी

मुलगी घरी मराठीत अखंड बडबडते, शाळेत मात्र दोन महिने गप्प, असं लिहिलंत. नवी भाषा कानात मुरेपर्यंत काही मुलं कित्येक महिने बोलत नाहीत. ‘बोल ना’ म्हणून चारचौघांत पुढे ढकलू नका, ती आणखी मिटेल.

वर्गातली एकच मैत्रीण घरी बोलवा. दोघी आल्या तर त्या आपसांत जर्मनमध्ये रमतात आणि ही बाजूला पडते. तास-दीड तास पुरे. तिच्या आईला आधी विचारा, न्यायला यायची वेळही ठरवा. लेगो, उनो, कणीक मळणं, असं कमी बोलून जमणारं काहीतरी हाताशी ठेवा. गावातल्या फेराइनमध्ये, म्हणजे तिथल्या क्लबमध्ये, तिला जिम्नॅस्टिक्सला घाला, दर आठवड्याला तेच चेहरे भेटतात. आणि घरातली मराठी कृपया बंद करू नका. घरचं बोलणंही आटलं, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.