मदत हवी आहे: व्यालेल्या उंदराच्या मादीला दूध येते आहे की नाही, हे कसे ओळखावे?

उंबरठा
माझ्या पाळीव उंदराची मादी परवा रात्री व्याली. तेव्हापासून ती पिलांवर पसरून तासन्‌तास पडून असते आणि पिले आचळांना चिकटलेलीही दिसतात, परंतु दूध येत असल्याचे एकही लक्षण मला दिसत नाही. कास भरलेली नाही, आणि आचळ हलकेच दाबून पाहिले तरी थेंबही आला नाही. दूध वाढण्यासाठी तिला काय द्यावे, एवढेच कृपया लवकर सांगावे. उंदीर पाळावेत की नाहीत, ही चर्चा येथे नको.

जुनाजाणता
पिले किती आहेत, हे आपण लिहिलेले नाही. त्यांची कातडी अजून इतकी पातळ असते की दूध प्यायल्यावर जठर पोटाच्या डाव्या बाजूला पांढऱ्या पट्ट्यासारखे आरपार दिसते. असा पट्टा दिसत आहे का? त्याशिवाय कोणतेही उत्तर देणे म्हणजे अंधारात तीर मारणे होईल.

पाणकळा
पट्टा शोधत बसू नये. मी एकदा मांजरीची पिले गाईच्या दुधावर ड्रॉपरने वाढवली होती. येथेही तेच करावे.

निमूट
पाणकळा, हा सल्ला धोक्याचा आहे. उंदराच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक स्निग्धांश असतो, प्रथिनेही पुष्कळ जास्त असतात, आणि दुग्धशर्करा मात्र कमी असते. शिवाय जेमतेम पाच-सहा ग्रॅम वजनाच्या पिलाच्या तोंडात ड्रॉपरने दूध सोडल्यास ते फुप्फुसात जाण्याची भीती फार असते. आई जिवंत असून पिलांना जवळ घेत असताना हा उद्योग करूच नये.

पाणकळा
माझी सर्व पिले जगली होती, एवढेच नमूद करतो.

निमूट
ती मांजरीची होती.

उंबरठा
पिले अकरा आहेत. कासेविषयी कोणीच बोलले नाही.

जुनाजाणता
कास दिसणार नाही, कारण उंदराला गाईसारखी कास नसतेच. आचळ बारा असतात, छातीकडे तीन जोड्या आणि पोटाकडे तीन जोड्या, आणि त्यांना जोडलेल्या दुग्धग्रंथी मानेपासून जांघेपर्यंत कातडीखाली पातळ थरासारख्या पसरलेल्या असतात. गाईच्या सडाच्या वर दूध साठण्याची जागा असते. उंदरात तशी साठवण नसल्यासारखीच असते, त्यामुळे दूध ग्रंथींतील सूक्ष्म पिशव्यांमध्येच राहते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात आले, म्हणजे त्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतात आणि दूध आचळाकडे ढकलले जाते. दूध तयार होणे आणि पान्हा फुटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या कामास प्रोलॅक्टिन हे दुसरे संप्रेरक लागते, दुसऱ्यास ऑक्सिटोसिन. आपण आचळ दाबून यांपैकी काहीच घडत नाही.

आता महत्त्वाचे. पिले सतत चोखत असली, तरी पान्हा सतत वाहत नाही. साधारण पाच ते पंधरा मिनिटांनी एकदा, सर्व ग्रंथींत एकाच वेळी, तो काही सेकंद फुटतो, आणि तोही आई गाढ झोपली असेल तेव्हाच. ती जागी असेपर्यंत पिलांना कोरडेच चोखावे लागते. पान्हा फुटला की चिकटलेली सर्व पिले एकदम पाय ताणून अंग लांबवतात. तेच खरे लक्षण आहे. आपण तिला किती वेळा उचलून पाहता?

उंबरठा
दर अर्ध्या तासाने पाहतो, रात्रीही. काल आचळ साबणाच्या पाण्याने पुसूनही घेतले होते, कारण स्वच्छता हवीच.

निमूट
हे पहिल्याच वाक्यात यायला हवे होते! पिलांचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, तोपर्यंत त्यांना आचळ सापडते ते वासाने. आचळ धुतल्यास पिलांना ते पकडता येत नाही. आई स्वतः चाटून आणि पिले चोखून तो वास पुन्हा येईल, पण साबण पुन्हा लावू नये.

सांजवारा
या निमित्ताने सांगतो की, नर उंदरांना आचळ नसतातच. त्यामुळे साधारण दहाव्या दिवशी पिलांच्या पोटावरचे ठिपके पाहून मादी ओळखता येते.

उंबरठा
नर-मादी कोणी विचारले नव्हते. तिला खायला काय द्यावे, हे अजूनही कोणी सांगितलेले नाही.

जुनाजाणता
दूध येण्याचे औषध शोधू नये. तिचा नेहमीचा चांगला आहार हवा तेवढा, थोडे उकडलेले अंडे आणि कधीही न संपणारे पाणी, एवढे पुरते. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दूध सर्वाधिक असते आणि तेव्हा ती एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाते, म्हणून आता हात आखडता घेऊ नये. एखादी ग्रंथी लाल, गरम किंवा दगडासारखी कडक लागली, तर मात्र त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. पिंजऱ्यावर कापड टाकावे, दिवसातून एकदाच पाहावे, आणि तेही ती स्वतः खायला बाहेर आली असताना.

उंबरठा
काल दुपारपासून हात लावलेला नाही. कापडाच्या फटीतून पाहिले, तेव्हा ती झोपल्यावर काही वेळाने सर्व पिले एकदम ताठ झाली. आज सकाळी दहांच्या पोटात पांढरा पट्टा होता. अकराव्याचा फिकट आहे, तो सर्वांत लहान आहे.

निमूट
त्या लहानग्याचे रोज ठरावीक वेळी वजन करावे. ते वाढत नसेल किंवा पट्टा नाहीसा झाला, तर वाट न पाहता पशुवैद्याला दाखवावे. आणि एक प्रश्न राहिला. नर कुठे आहे?

उंबरठा
त्याच पिंजऱ्यात आहे. तो पिलांना काहीच करत नाही.

जुनाजाणता
प्रश्न पिलांचा नाही. व्याल्यानंतर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते. ती गाभण राहिली असेल, तर दूध पाजत असल्यामुळे गर्भ रुजायला विलंब होतो, म्हणून गर्भारपणाचे नेहमीचे एकवीस-बावीस दिवस मोजून निश्चिंत होऊ नये. नर आज वेगळा करावाच, आणि पुढचा महिनाभर तिच्या पोटाकडे लक्ष ठेवावे.

उंबरठा
नर आत्ताच हलवला.